खर्र म्हणजे खर्र

हसू नका रे, आधी ऐका. दर रविवारी माझ्या नावाने शंख करता, ही आली नाही, ही फोन उचलत नाही, नोकरी लागल्यापासून हिला शिंगं फुटली. शिंगंबिंगं काही नाही फुटलेली. आज सगळं सांगते, आणि पुढच्या रविवारीही मी येणार नाहीये, ते का, तेही सांगते. चिमणे, चहा ठेवतेस? नको, बस, नंतर ठेव, नाहीतर मला परत पहिल्यापासून सांगावं लागेल.

तर आधी माझं काम. तुमच्यातल्या निम्म्यांना ते अजून कळलेलं नाही. हा ढापण्या तर गावभर सांगत फिरतो की ही लिफ्टमध्ये काम करते. लिफ्टमध्ये नाही रे बाबा, लिफ्टच्या कंपनीत! शहरातल्या सहाशे बारा लिफ्ट आमच्याकडे देखभालीला आहेत. त्यातली कुठलीही बंद पडली, कोणी आत अडकलं, की आतलं लाल बटण दाबायचं, आणि आवाज कोणाचा येतो? माझा. मग मिस्त्री पोचेपर्यंत मी त्या माणसाशी बोलत राहायचं. घाबरू नका, लिफ्ट पडत नाही, आत हवा भरपूर आहे, मिस्त्री निघालेत. ही चार वाक्यं मी झोपेत म्हणते असं आई सांगते. एकदा म्हणे मी झोपेत तिलाच विचारलं, ‘आत किती जण आहात?’

आमच्याकडे तक्रारीचा एक कागद असतो. वेळ, पत्ता, आत माणसं किती, आणि खाली मोठा चौकोन. त्या चौकोनाच्या दोन टोकांना दोन अवतरणचिन्हं आधीच छापलेली. पहिल्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या फोनवाल्यांच्या साहेबांनी, मला समोर बसवलं, चष्मा ओढणीला पुसला आणि म्हणाल्या, “या दोन खुणांच्या आत तू नाहीस. आत फक्त फोनवरचा माणूस. तो म्हणाला खर्र, तर खर्र लिहायचं. घर्र नाही. तो म्हणाला लिफ्टला उचकी लागली, तर लिफ्टला उचकी लागली. आणि ‘बिघाड’ हा शब्द तर मला दिसता कामा नये.”

मी म्हटलं, “उचकी लिहू, मॅडम?”

“लागली असेल तर लिहायची.”

मला तेव्हा वाटलं, काय बाई आहे! पण त्याचं कारण होतं. मिस्त्री त्या शब्दावरून ठरवतात कुठे जायचं. दाराशी, की खाली खड्ड्यात, की वर गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत. कोणती पिशवी घ्यायची, एकट्याने जायचं की दोघांनी. कागदाचा फोटो त्यांच्या फोनवर जातो, ते चौकोन वाचतात आणि गाडीला किक मारतात. कुई म्हणजे एक, धप्प म्हणजे दुसरं, टक् म्हणजे तिसरं. आत अडकलेल्या माणसाला यंत्रातलं ओ की ठो कळत नसलं तरी कान असतातच ना.

आता माझं. मला फोनवर बसायचं नाहीये. म्हणजे काम वाईट नाही, खुर्ची मऊ आहे, पण विचार करा, दीड वर्ष मी रोज लोकांना सांगतेय की होईल हां सुरू, आणि एकही लिफ्ट मी माझ्या हाताने सुरू केलेली नाही. माणूस बाहेर येतो तेव्हा मी तिथे नसतेच. मला फोनमध्ये फक्त दार उघडल्याचा आवाज येतो, कोणीतरी ‘हुश्श’ म्हणतं आणि कट्. ते ‘हुश्श’ मला समोर उभं राहून ऐकायचंय. म्हणून मला मिस्त्री व्हायचंय. हो, मिस्त्री. आईचाही चेहरा असाच झाला होता, चिमणे.

दर दोन वर्षांनी आमच्याकडे फोनवरच्या लोकांतून एकाला मिस्त्रींच्या तुकडीत घेतात. लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि मुख्य म्हणजे फॉर्मवर मॅडमची सही. सही नाही तर फॉर्मच जात नाही. आणि हे वर्ष परीक्षेचं होतं.

झालं! मी स्वतःला सुधारायला घेतलं. एक वही केली. त्यात रोजचे चौदा रकाने. साडेपाचला उठणे. गार पाण्याने अंघोळ. दोरीवरच्या उड्या दोनशे. मिस्त्रींच्या जाड पुस्तकाची दहा पानं. फोन बघणे पंधरा मिनिटं, जास्त नाही. एक नवीन शब्द. पाठ ताठ. असं करत करत तेरावा रकाना, ‘आईशी दहा मिनिटं गप्पा’. आणि चौदावा, हसायचं नाही, ‘आईला छंद लावणे’.

कारण आई संध्याकाळी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यातून शिवणकाम करून आली की अर्धा तास खिडकीत बसते. नुसती. ना टीव्ही, ना फोन, ना विणकाम. मला ते बघवायचं नाही. अर्धा तास! दोरीवरच्या आठशे उड्या होतात त्यात.

“आई, तू या वेळात काहीतरी शिक ना.”

“शिकतेय की.”

“काय?”

“बसायला. दिवसभर मशीनवर बसते, ते वेगळं. हे वेगळं.”

मी चौदाव्या रकान्यात फुली मारली. आणि तेराव्याची गंमत सांगते. मी आईसमोर घड्याळ लावून बसायचे, मांडीवर मिस्त्रींचं पुस्तक. ती काहीबाही सांगायची, मी ‘हं’ म्हणायचे, दहा मिनिटं झाली की बरोबरची खूण. एकदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “मी आत्ता काय बोलले?” मी म्हटलं, “हं.” ती उठून आत गेली. मी खूण केली. दहा मिनिटं तर झाली होती!

हे सगळं कामात उतरल्याशिवाय कसं राहील? पुस्तक वाचायला लागले तसं मला फोनवर ऐकता ऐकताच कळायला लागलं, म्हणजे वाटायला लागलं, की बिघाड कुठे आहे. एकदा एक बाई म्हणाली, वर कोणीतरी चप्पल घासत चालतंय. मी तिचं वाक्य लिहिलं आणि कंसात बारीक अक्षरात घातलं, ‘रुळाला तेल नाही’. मिस्त्रीकाका गेले, खरंच तेल नव्हतं. मिस्त्रीकाका म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने, मिशा पांढऱ्या, आणि मला ‘हॅलो’ म्हणून हाक मारतात. संध्याकाळी येऊन म्हणाले, “काय गं हॅलो, तू तर घरबसल्या नाडी बघायला लागलीस!”

बस. मी हवेत. दुसऱ्यांदा बरोबर आलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग कंस गेले, मग बारीक अक्षर मोठं झालं. मग एक दिवस मी त्यांचं वाक्य लिहिलंच नाही. माझंच लिहिलं. छापलेल्या अवतरणचिन्हांच्या आत.

तो गुरुवार होता. सकाळी मी पुस्तकाचा सातवा धडा संपवला होता, गव्हर्नरचा. गव्हर्नर म्हणजे लिफ्ट भलत्या वेगाने जायला लागली तर तिला गच्च धरून ठेवणारं यंत्र. वर गच्चीवरच्या खोलीत असतं. ते एकदा अडकलं की सोडवायला दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली, असा नियमच आहे. माझ्या डोक्यात सकाळपासून गव्हर्नर, गव्हर्नर, गव्हर्नर. आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी लाल बटण वाजलं. एक आजोबा. आवाज एकदम शांत.

“मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आहे. अकरा वाजून चार मिनिटांनी थांबली.”

मी म्हटलं घाबरू नका, लिफ्ट पडत नाही, वगैरे वगैरे. ते म्हणाले, “मी घाबरलेलो नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो. पाचव्या मजल्यावर एका बाईंच्या भिंतीवरच्या घड्याळाला दर गुरुवारी किल्ली द्यायला येतो.” पुढे ते काय काय सांगत होते, मी “हो, हो” म्हणत होते आणि लिहीत होते: ‘निघाल्यावर वेग वाढून अचानक थांबली. गव्हर्नर.’ वेग वाढला असं ते म्हणाले होते का? आज मला शपथेवर विचाराल तर नाही. ‘अचानक’ म्हणाले असतील. बाकी सगळं सातव्या धड्यातलं.

मिस्त्रीकाका वीस मिनिटांत पोचले. कागदावर गव्हर्नर, म्हणून सरळ गच्चीवर. एकट्याने हात लावायचा नाही, म्हणून दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याची वाट बघितली. तो आला, त्यांनी गव्हर्नर उघडला, तर गव्हर्नर अगदी ठणठणीत. मग एकेक मजला करत खाली आले. तिसऱ्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, तर आतल्या दाराच्या खालच्या खाचेत हरभऱ्याएवढा खडा. त्या खड्यावर दार चढलं, जरासं सरकलं, लिफ्टला वाटलं दार उघडलंय, म्हणून थांबली. खडा काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण आजोबा आत होते एक तास सात मिनिटं. त्यातली सत्तेचाळीस माझी.

त्या तासात मी फोनवर त्यांच्याशी बोलत होते, बरं का. बारा वाजायच्या सुमाराला ते फक्त एकदा म्हणाले, “किती वेळ अजून?” मी म्हटलं, “झालंच हं.” मग ते काही बोललेच नाहीत. दार उघडल्याचा आवाज आला. ‘हुश्श’ आलं नाही.

दुपारी मिस्त्रीकाका ऑफिसात आले, तो खडा माझ्या टेबलावर ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बघत हळूच म्हणाले, “माणूस सत्तरीचा आहे, पोरी. बाहेर आला तेव्हा पँट ओली होती. पिशवी पुढे धरून जिन्याने उतरून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.”

ढापण्या, हसू नकोस म्हटलं ना.

हां. तर काका म्हणाले, “चूक माझीही आहे. तुझ्या नाडीपरीक्षेवर मीच खूश होत होतो. पण खुणांच्या आत होतं ते, मी म्हटलं माणूसच म्हणाला असेल.”

मॅडमनी बोलावलं. आवाज चढवला नाही, त्या कधीच चढवत नाहीत, तेच वाईट. कागद समोर ठेवला आणि विचारलं, “हे कोण बोललं?”

“मी.”

“तू आत अडकली होतीस?”

“नाही, मॅडम.”

त्यांनी खण उघडला, माझा परीक्षेचा फॉर्म काढला, मला दाखवला आणि परत खणात टाकला. “फॉर्म शुक्रवारी पाच वाजता जातात. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या. तोवर मी सही करीन असं धरून चालू नकोस.”

म्हणजे पंधरा दिवस. नाही झाली तर दोन वर्षं! दोन वर्षं परत ‘होईल हां सुरू’.

त्या दिवशी घरी जाऊन वही काढली आणि मला वाटलं आता पंधरावा रकाना टाकावा, ‘नीट ऐकणे’. खरंच सांगते, पेन हातात घेतलं होतं. मग तेरावा रकाना बघितला. दीड महिना रोज बरोबरच्या खुणा, ओळीने, एकही चुकलेली नाही. आणि आईने त्या दीड महिन्यात मला काय सांगितलं, ते मला एक अक्षर आठवेना. माझं मलाच इतकं ओशाळं वाटलं की मी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, “आई, तू मागच्या आठवड्यात मला काय सांगत होतीस?”

“कधी?”

“मी हं म्हणाले तेव्हा.”

“तू कधी म्हणत नाहीस?” आई म्हणाली. मग म्हणाली, “कारखान्यात नवीन मशीन आलंय आणि मला सगळ्या नव्या मुलींना शिकवायला नेमलंय, हे सांगत होते. आता महिना झाला त्याला.”

आई मुकादम झाली होती! महिन्याभरापूर्वी! आणि मी तिला छंद लावत होते.

शनिवारी सुट्टी होती. पाचव्या मजल्यावरच्या त्या बाईंकडून पत्ता घेऊन मी आजोबांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, दोन जिन्यांच्या मधली जागा, एक काच, एक दिवा, आणि भिंतीवर पंचवीस-तीस घड्याळं. सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी, फक्त एक बरोबर. आजोबांनी डोळ्याला भिंग लावलं होतं, ते काढलंच नाही.

“बोला.”

“मी... लिफ्टच्या ऑफिसातली. फोनवरची. माफी मागायला आले.”

त्यांनी चिमट्याने एक चाक उचललं, ठेवलं. मग म्हणाले, “मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

मी भिंतीवरची घड्याळं बघायला लागले.

“तीन वेळा सांगितलं. तुम्ही तिन्ही वेळा ‘हो, हो’ म्हणालात. मला वाटलं, चला, कोणीतरी लिहून घेतंय.”

मी म्हटलं, “परत सांगाल?”

“आता?”

“आता. मला लिहून घ्यायचंय.”

त्यांनी भिंग काढलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हाकलून देतात आता. मी पर्समधून तक्रारीचा कोरा कागद काढला, काचेवर ठेवला. ते म्हणाले, “लिहा. दार लागलं. निघाली. तिसरा मजला गेला आणि माझ्या उजव्या पायाशी, दाराच्या खाली, खर्र झालं. दातात खडा आल्यासारखं. आणि थांबली.”

दातात खडा आल्यासारखं! खड्याचंच नाव घेतलं होतं त्यांनी. तीन वेळा. मी लिहिलं, वाचून दाखवलं. ते म्हणाले, “खर्र. तुम्ही घर्र वाचलंत.” मी म्हटलं, “नाही, खर्रच लिहिलंय.” कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि भिंग परत डोळ्याला लावलं. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. काकांनी सांगितलेल्या त्या गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही, मी कशाला काढू? तुम्हाला सांगितली, कारण तुम्हाला त्यांचं नाव-गाव काही माहीत नाही. आणि ती न सांगता मला एवढं का लागलं ते तुम्हाला कळलं नसतं.

सोमवारी तो कागद मी मॅडमच्या टेबलावर ठेवला, जुन्या कागदाला जोडून. आणि म्हटलं, “मॅडम, मागचे सगळे कागद कुठे ठेवलेत?”

“कशाला?”

“वाचायचेत. लोक काय म्हणाले आणि मिस्त्रींना काय सापडलं, दोन्ही.”

“तीन वर्षांचे आहेत.”

“जेवणाच्या सुट्टीत वाचीन.”

त्यांनी कपाटाची किल्ली दिली. सहीचं काही बोलल्या नाहीत.

आणि मग ना, मला इतकी मजा आली! खरंच! मी वहीतले अकरा रकाने खोडले. उड्या ठेवल्या, पुस्तक ठेवलं, आई ठेवली, पण घड्याळ न लावता. दुपारी डबा खात खात कागद वाचायचे, सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून ऑफिसात जाऊन वाचायचे. म्हणून रविवारी नव्हते मी, कळलं? अरे लोक काय काय बोलतात! एकाने सांगितलं, ‘लिफ्ट शिंकली आणि बसली.’ सापडलं काय, तर विजेच्या पेटीत धूळ. एक बाई म्हणाली, ‘सासूबाई भांडं आपटतात तसं झालं, पण दोनदाच, त्या तीनदा आपटतात.’ तिथे लिफ्टच्या मागे लोंबणाऱ्या वजनाचा बूट, म्हणजे त्याला रुळावर धरणारा तुकडा, सैल झाला होता. एक लहान मुलगी आईबरोबर अडकली होती, ती म्हणाली, ‘लिफ्टच्या पोटात गुडगुड.’ दीड वर्ष मी हेच रोज ऐकत होते आणि मला वाटायचं हे लोक अडाणी आहेत, खरं पुस्तकात आहे. मी यादी केली. डावीकडे आवाज, उजवीकडे काय निघालं. अकराशे चाळीस कागद. खर्र आणि दाराच्या खाली, हे दहांत नऊ वेळा खडा, बटण नाहीतर केसांची पिन.

मिस्त्रीकाका यादी बघून म्हणाले, “हॅलो, याची एक प्रत मला.” मग मिशी ओढत म्हणाले, “पण परत नाडी बघायला लागू नकोस.”

“नाही, काका.”

“नाही म्हणतेस. आता तर तुझ्याकडे यादी आहे.”

आणि तेच झालं ना! शुक्रवार. शेवटचा दिवस. पाच वाजता फॉर्म जाणार, माझा अजून खणात. मी सकाळपासून त्या खणाकडे बघतेय, मॅडम खण सोडून सगळीकडे बघतायत. चार वाजून दहा मिनिटांनी लाल बटण. एक बाई, एकटी, दवाखान्यातून रक्ताचे रिपोर्ट घेऊन आलेली, घाबरलेली. मी चार वाक्यं म्हटली आणि पहिल्यांदाच थांबले. ती श्वास घेईपर्यंत थांबले. मग विचारलं, “थांबायच्या आधी काय ऐकलंत?”

“टक् टक् टक्... वरून. असं... पंख्याचं पातं कशाला तरी लागतं ना, तसं. मग एकदम बंद.”

टक् टक्! माझ्या यादीत टक् टक् म्हणजे दाराचं कुलूप. त्रेसष्ट कागद! त्रेसष्टपैकी एकसष्ट वेळा दाराचं कुलूप! माझा हात चौकोनावर, पेनाचं टोक टेकलेलं, आणि डोक्यात नुसतं कुलूप, कुलूप, कुलूप. अगदी गव्हर्नरसारखं. आणि बरोबर आलं तर मॅडमसमोर, सहीच्या दिवशी! मी मान वर केली तर मॅडम काचेपलीकडे उभ्या, चष्मा पुसत.

मी लिहिलं: ‘टक् टक् टक्, वरून. पंख्याचं पातं कशाला तरी लागतं ना, तसं. मग एकदम बंद.’ तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हो, अस्संच. आणि कागद धाडला. कुलूप हा शब्द मी गिळला.

मग मी त्या बाईशी बोलत राहिले. म्हणजे तीच बोलली, मी ऐकलं. तिच्या भावाचे रिपोर्ट होते, ते चांगले आले होते आणि तिला ते वर जाऊन सांगायची घाई होती. म्हणाली, “तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.” सतरा मिनिटांनी दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग असं मोठ्ठं ‘हुश्श’. कट्.

पावणेपाचला मिस्त्रीकाकांचा फोन. मॅडमनी स्पीकरवर घेतला.

“पंखाच होता, मॅडम! लिफ्टच्या छतातला, हवेचा. पातं सुटून छताच्या झडपेवर आपटत होतं. झडप जरा उचलली गेली, तिच्याखालचं बटण सुटलं, लिफ्ट बंद. पंख्याचं वाचलं म्हणून पहिलं छतच बघितलं. नाहीतर टक् टक् म्हटल्यावर मी सात मजल्यांची कुलपं तपासत बसलो असतो.”

मॅडमनी फोन ठेवला. मला विचारलं, “तुला काय वाटलं होतं?”

“दाराचं कुलूप.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“त्या कुलूप म्हणाल्या नाहीत.”

पाच वाजायला दहा कमी. मॅडमनी खण उघडला, फॉर्म काढला. त्यांनी सही केली नाही! आधी ‘शेरा’ लिहायच्या जागी लिहायला लागल्या. सावकाश. मला उलटं वाचता येतं, तुम्हाला माहितीय. ‘हिने तक्रारदाराच्या शब्दांऐवजी स्वतःचे शब्द लिहिले. त्यामुळे एक वृद्ध गृहस्थ सत्तेचाळीस मिनिटं जास्त अडकून राहिले.’ मग तारीख. मग, त्याच्या खाली, सही.

मी म्हटलं, “मॅडम, हे... हे मुलाखतीत वाचतील ना?”

“वाचतील. पहिला प्रश्न हाच विचारतील.” त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. “घडलं ते जसंच्या तसं गेलं पाहिजे. पळ, फॉर्म घ्यायची खिडकी बंद होईल.”

आणि मी पळाले. चार मजले, जिन्याने, लिफ्टची वाट न बघता. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला तेव्हा चार अठ्ठावन्न झाले होते, घड्याळ मी आजोबांसारखं बघून ठेवलंय.

लेखी कालच झाली. चांगली गेली. सातवा धडाही आला होता, गव्हर्नर, मी बरोबर लिहिलं. मुलाखत पुढच्या रविवारी. तिघं जण समोर बसतात आणि शेरा वाचतात. मी ठरवलंय, काही गुळगुळीत करून सांगायचं नाही. खर्र म्हणाले होते, दातात खडा आल्यासारखं म्हणाले होते, तीन वेळा म्हणाले होते, आणि मी गव्हर्नर लिहिलं. एवढंच. त्यांनी नाही घेतलं तर दोन वर्षांनी परत भरीन, त्याच शेऱ्यासकट. मी हे सोडणार नाहीये. आई म्हणाली, शेरा पाठ कर म्हणजे आवाज कापणार नाही. काल संध्याकाळी खिडकीत बसून तिलाच म्हणून दाखवला. मग ती बसली होती तशी मीही बसले थोडा वेळ. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ...

गप्प! गप्प, गप्प, एक मिनिट. तुमची लिफ्ट येतेय वर. ऐकलंत?

चिमणे, हे रोज होतं? कधीपासून? आणि तुम्ही कोणी फोन नाही केलात? बरं, ढापण्या, तू सांग, काय ऐकलंस? नाही, ‘आवाज आला’ नको. कसला आला, कुठून आला, कशासारखा? तुझ्या शब्दांत सांग. घाई नाही. थांब, पेन घेऊ दे.